'आय वॉज पेड' म्हणजे पैसे भरले की मिळाले? इंग्रजी वाक्यात 'मी' आणि पॅसिव्ह एकत्र येतात तेव्हा काय होतं?

समजा, तुम्ही एका ऑनलाइन कोर्ससाठी जूनमध्ये ५,००० रुपये भरले होते. कोर्स काही सुरू झाला नाही. पैसे परत मागण्यासाठी तुम्ही इंग्रजीत मेल लिहिलात, 'आय वॉज पेड फाइव्ह थाउजंड रुपीज इन जून.' स्पेलिंग बरोबर, वाक्य बरोबर, खाली लाल रेघसुद्धा नाही. फक्त अर्थ असा झाला की जूनमध्ये तुम्हालाच ५,००० रुपये मिळाले.

तुम्हाला म्हणायचं होतं, 'मी पैसे भरले होते.' लिहिलं गेलं, 'मला पैसे देण्यात आले.' हवं होतं 'आय पेड' किंवा 'आय हॅड पेड'. एका 'वॉज'ने देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल केली.

शाळेत पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे 'वाक्य बदला' हा हमखास मार्कांचा प्रश्न. राम आंबा खातो, मग आंबा रामाकडून खाल्ला जातो, आणि सुटलो. पण तक्रारीचा मेल, पोलिसांना दिलेला जबाब, विम्याचा क्लेम किंवा व्हिसाच्या अर्जासोबतचं पत्र यांत कोणी आंबा खात नसतं. तिथे 'मी' असतो, भूतकाळ असतो, आणि काही गोष्टी आपण केलेल्या तर काही आपल्या बाबतीत घडलेल्या असतात. दोन्ही प्रकार एकाच वाक्यात येतात आणि तिथेच गडबड होते.

'होतो' म्हणजे 'वॉज' नव्हे

या गडबडीचं मूळ इंग्रजीत कमी आणि आपल्या मराठीत जास्त आहे.

'मी घरी होतो' याचं इंग्रजी 'आय वॉज ॲट होम'. इथे 'होतो' म्हणजे 'वॉज' हे समीकरण जुळतं आणि डोक्यात पक्कं बसतं. मग 'मी गेलो होतो'चं 'आय वॉज वेंट' होतं, 'मी फोन केला होता'चं 'आय वॉज कॉल्ड' होतं आणि 'मी कळवलं होतं'चं 'आय वॉज इन्फॉर्म्ड'.

यातलं पहिलं उदाहरण त्यातल्या त्यात निरुपद्रवी. 'आय वॉज वेंट' असं इंग्रजीत काही नसतंच, त्यामुळे वाचणाऱ्याला चूक दिसते आणि अर्थ लावून तो पुढे जातो. जाणं, येणं, पोचणं, घडणं या क्रियापदांना कर्म नसतं. कर्मच नाही तर त्याला पुढे आणून पॅसिव्ह करणार कशाचं? म्हणूनच 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' हेही चूक. अपघात 'हॅपन्ड', बस.

धोका आहे तो पुढच्या दोघांत. 'आय वॉज कॉल्ड ऑन मंडे' हे अस्सल, शुद्ध इंग्रजी वाक्य आहे. अर्थ, 'मला सोमवारी फोन आला' किंवा 'मला सोमवारी बोलावलं गेलं'. तुम्ही सोमवारी कस्टमर केअरला फोन केला होता की नाही यावरच भांडण असेल, तर तुमच्याच मेलमध्ये उलटा पुरावा तयार झाला. चूक आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण वाक्यात चूक नाहीच.

मराठीतलं 'होतं' जेव्हा दुसऱ्या क्रियापदाच्या मागे लागतं (केलं होतं, भरलं होतं, सांगितलं होतं), तेव्हा त्याचं इंग्रजी 'हॅड' आहे. 'वॉज'च्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं, की 'आय' हा करणारा राहत नाही. त्याच्यावर क्रिया होते.

आणि 'वॉज'च्या पुढे 'आयएनजी'वालं रूप आलं तर? मग 'आय' पुन्हा करणारा होतो. 'आय वॉज टेलिंग' म्हणजे मी सांगत होतो, 'आय वॉज टोल्ड' म्हणजे मला सांगण्यात आलं. 'व्हाइल आय वॉज वेटिंग, माय नेम वॉज कॉल्ड' या वाक्यात दोन्ही 'वॉज' शेजारीशेजारी नांदतात. पहिल्यात मी थांबलो होतो, दुसऱ्यात माझं नाव पुकारलं गेलं. शब्द तोच, काम वेगळं.

कर्मणी प्रयोगाचा भलताच सल्ला

आणखी एक गोष्ट घोळात भर घालते. मराठी माध्यमाच्या पुस्तकांत पॅसिव्ह व्हॉइसला सर्रास 'कर्मणी प्रयोग' म्हटलं जातं. आता 'मी फी भरली' हे वाक्य बघा. 'भरली' हे रूप 'फी'नुसार बदललं आहे. फॉर्म असता तर 'भरला' झालं असतं, पैसे असते तर 'भरले'. बोलणारा मुलगा आहे की मुलगी, याने काही फरक पडत नाही. क्रियापद कर्माचं ऐकतं, म्हणून मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, मोरो केशव दामल्यांचं १९११ साली. कर्तरी, कर्मणी आणि भावे ही त्रयी शाळेत आजही तशीच घोकली जाते.

पण 'मी फी भरली' हे इंग्रजी अर्थाने पॅसिव्ह नाही. फी भरणारा 'मी' वाक्यात ठामपणे पुढे उभा आहे. क्रियापद कोणाशी जुळतं हा मराठीचा प्रश्न, आणि वाक्याचा कर्ता म्हणून कोणाला पुढे बसवायचं हा इंग्रजी पॅसिव्हचा प्रश्न. दोन्हींना एकच नाव देऊन आपण विद्यार्थ्यांवर अन्याय केला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. 'मी फी भरली'चं इंग्रजी सरळ 'आय पेड द फी'. 'द फी वॉज पेड बाय मी' हे परीक्षेत मार्क मिळवून देईल, पण रोजच्या मेलमध्ये ते अवघडलेलं वाटतं. स्वतः केलेल्या कामासाठी 'बाय मी' लिहायची वेळ क्वचितच येते.

'मला' दिसला की 'आय' शोधा

मग मराठीत खऱ्या पॅसिव्हच्या जवळ जाणारं काय आहे? 'मला सांगण्यात आलं', 'मला थांबवलं गेलं', 'मला पावती दिली गेली'. 'करण्यात येत आहे' ही तर आपल्या सरकारी पत्रांची मातृभाषाच.

इथे मराठी आणि इंग्रजीची बसण्याची व्यवस्था वेगळी आहे. मराठीत ज्याच्यावर क्रिया झाली तो 'मला' म्हणून येतो. इंग्रजीत तोच माणूस थेट 'आय' होऊन पहिल्या खुर्चीवर बसतो. मला सांगण्यात आलं, 'आय वॉज टोल्ड'. मला पावती देण्यात आली, 'आय वॉज गिव्हन अ रिसीट'. मला दोन तास थांबायला लावलं, 'आय वॉज मेड टू वेट फॉर टू अवर्स'. या शेवटच्या वाक्यातला 'टू' विसरू नका. 'दे मेड मी वेट' म्हणताना तो नसतो, पॅसिव्ह केलं की येतो.

जन्माचंही तेच. 'आय वॉज बॉर्न इन नाशिक' हे आपण इंग्रजीत शिकलेलं बहुधा पहिलं पॅसिव्ह वाक्य. आपल्या जन्मात आपलं कर्तृत्व शून्य, त्यामुळे 'वॉज' हवाच. 'आय बॉर्न' किंवा 'आय ॲम बॉर्न' असं लिहिलेले बायोडेटा मात्र आजही दिसतात.

पण प्रत्येक 'मला'चा 'आय' होत नाही. 'मला नियम समजावून सांगण्यात आले' याचं 'आय वॉज एक्स्प्लेन्ड द रूल्स' असं इंग्रजी भारतात भरपूर ऐकू येतं. प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. तिथे 'द रूल्स वेअर एक्स्प्लेन्ड टू मी' म्हणावं लागतं. सजेस्ट, मेन्शन, अनाउन्स या क्रियापदांचंही असंच. ओळखायचं कसं? आधी साधं वाक्य करून बघा. 'दे टोल्ड मी' चालतं, म्हणून 'आय वॉज टोल्ड' चालतं. 'दे एक्स्प्लेन्ड मी' चालत नाही, मध्ये 'टू' लागतो, म्हणून 'आय वॉज एक्स्प्लेन्ड'ही नाही.

गेट बंद होतं, बंद केलेलं होतं की बंद होत होतं?

आता दोन भाग जोडू. एकात मी काहीतरी केलं, दुसऱ्यात काहीतरी झालं. परीक्षा केंद्रावर उशिरा पोचलेल्या उमेदवाराने लिहिलेलं वाक्य घ्या.

'व्हेन आय रीच्ड द सेंटर, द गेट वॉज क्लोज्ड.'

यातून नेमकं काय कळलं? मी पोचलो तेव्हा गेट आधीपासून बंद होतं, असा एक अर्थ. मी पोचलो आणि तेवढ्यात गेट लावलं, असाही अर्थ निघतो. 'क्लोज्ड' इथे गेटची अवस्था सांगतोय की कोणीतरी केलेली क्रिया, हे वाक्य सांगतच नाही. उमेदवार वेळेत आला होता का, हाच वादाचा मुद्दा असेल तर हा संदिग्धपणा महागात पडू शकतो.

'द गेट हॅड बीन क्लोज्ड' म्हटलं की आधी गेट लावलं, मग मी आलो. उशीर माझा. 'द गेट वॉज बीइंग क्लोज्ड' म्हटलं की मी पोचलो तेव्हा रखवालदाराचा हात गेटवर होता, दार अजून पूर्ण लागलेलं नव्हतं. या दोन वाक्यांत काही सेकंदांचाच फरक असेल, पण उमेदवारासाठी ते सेकंद म्हणजे सगळं वर्ष.

जाता जाता, 'वॉज बीइंग क्लोज्ड' ही रचना इंग्रजीत तशी नवखी आहे. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळायला लागली. त्याआधी 'घर बांधलं जात आहे' यासाठी 'द हाउस इज बिल्डिंग' असं म्हणायची पद्धत होती. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज आणि अमेरिकी व्याकरणपंडितांनी नव्या रचनेकडे बघून नाकं मुरडली. तरी ती टिकली, कारण तिची गरज होती.

कोणीतरी सांगितलेली गोष्ट आपण सांगतो, तेव्हाही काळाची अशीच साखळी लागते. 'आय वॉज टोल्ड दॅट माय क्लेम हॅड बीन रिजेक्टेड' म्हणजे सांगण्याआधीच क्लेम नाकारला होता. 'आय वॉज टोल्ड दॅट माय क्लेम वुड बी सेटल्ड' म्हणजे निकाली काढू असं आश्वासन मिळालं होतं. मराठीत आपण बोलणाऱ्याचा काळ जसाच्या तसा ठेवतो, 'मला सांगितलं की क्लेम मंजूर होईल'. इंग्रजीत 'आय वॉज टोल्ड' म्हटलं की पुढचं 'विल' सहसा एक पाऊल मागे सरकून 'वुड' होतं. आणि विचारलं असेल तर शब्दांचा क्रम प्रश्नाचा राहत नाही. 'आय वॉज आस्क्ड व्हाय आय वॉज लेट' बरोबर, 'व्हाय वॉज आय लेट' नाही.

मधला कर्ता गिळू नका

'आय वेंट टू द बँक अँड वॉज टोल्ड टू कम ऑन मंडे.' छान वाक्य. दुसऱ्या भागात कर्ता लिहिलेला नाही, पण गरजही नाही. गेलो मीच आणि सांगितलं गेलं तेही मलाच. एकाच 'आय'वर एक ॲक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह क्रियापद आरामात टांगता येतं.

आता हे बघा. 'आय सबमिटेड द फॉर्म अँड वॉज रिजेक्टेड.' नाकारलं कोणाला? लिहिणारीच्या मनात फॉर्म आहे. इंग्रजी वाक्यात मात्र ती स्वतःच नाकारली गेली. नोकरीच्या बाबतीत हे एकवेळ खपेल, पण पत्ताबदलाच्या अर्जात विचित्र दिसेल. हवं होतं, 'अँड इट वॉज रिजेक्टेड'.

मराठीत ही अडचण सहसा जाणवत नाही, हे गमतीचं आहे. एखादी मुलगी म्हणाली, 'मी फॉर्म भरला आणि नाकारला गेला', तर ती स्वतःबद्दल बोलत नाही हे आपल्याला लगेच कळतं. 'नाकारला गेला' हे पुल्लिंगी रूपच सांगतं की गोष्ट फॉर्मची आहे. गाळलेला कर्ता आपल्या क्रियापदाच्या शेपटीत लपलेला असतो. इंग्रजी 'वॉज रिजेक्टेड'ला लिंगाची शेपटी नाही. ते मुकाट्याने मागच्या भागातला कर्ता उचलतं आणि तो 'आय' असतो. म्हणून दुसऱ्या भागात 'मी' नसेन, तर तिथे कोण आहे ते लिहावंच लागतं.

याचाच भाऊबंद म्हणजे 'आफ्टर वेटिंग फॉर टू अवर्स, माय फॉर्म वॉज रिजेक्टेड'. दोन तास कोण थांबलं? इंग्रजी वाचकाच्या हिशेबाने, फॉर्म. 'आफ्टर आय हॅड वेटेड फॉर टू अवर्स' असं लिहून टाका, प्रश्न मिटला.

करणारा कुठे गेला?

पॅसिव्हबद्दल सगळ्यात जास्त ओरड होते ती ते जबाबदारी लपवतं म्हणून. याचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण उघड झाल्यावर राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन २७ जानेवारी १९८७ रोजी संसदेसमोर बोलले. त्यांचं वाक्य दोन तुकड्यांचं होतं. पहिल्यात, आम्हाला जे साधायचं होतं ते आम्ही साधू शकलो नाही. दुसऱ्यात, 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड'. पहिल्या तुकड्यात 'आम्ही' आहे, दुसऱ्यात कोणीच नाही. चुका झाल्या, जणू पाऊस पडावा तशा. पुढे ४ मार्चच्या भाषणात त्यांनी 'मी' वापरून जबाबदारी स्वीकारली.

ही युक्ती त्यांची स्वतःची नव्हती. डिसेंबर १८७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी संसदेला पाठवलेल्या संदेशात 'मिस्टेक्स हॅव बीन मेड' असं लिहिलं होतं. मात्र त्यांनी लगेच पुढे जोडलं की हे सगळ्यांना दिसतंच आहे आणि मीही ते कबूल करतो. आधी पॅसिव्ह, मागोमाग 'मी'. अर्थात, त्यानंतर बराचसा दोष त्यांनी मदतनीसांच्या निवडीवर ढकलला, तो भाग वेगळा.

जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मधल्या राजकारण आणि इंग्रजी भाषेवरच्या निबंधात, ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरूच नका, असा नियम घालून दिला. तो आजही पत्रकारितेच्या वर्गांत सांगितला जातो. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी दाखवून दिलं की त्याच निबंधात ऑर्वेलने स्वतः भरपूर पॅसिव्ह वापरलं आहे. मला पुलम यांची बाजू जास्त पटते. करणारा माहीतच नसेल तर पॅसिव्हला पर्याय काय? मागून कोणीतरी धडक दिली, गाडीचा नंबर दिसला नाही. 'आय वॉज हिट फ्रॉम बिहाइंड' हेच प्रामाणिक वाक्य आहे. उलट करणारा माहीत असूनही 'आय वॉज टोल्ड' एवढंच लिहिलं, तर तक्रार तुमचीच दुबळी होते. 'आय वॉज टोल्ड बाय द ब्रँच मॅनेजर' लिहिलं की चौकशी कोणाकडे करायची ते ठरतं. स्वतःसाठी 'बाय मी' टाळा, समोरच्यासाठी 'बाय' वापरायला लाजू नका.

एक तक्रार, तुकड्यातुकड्यांनी

लोकलमध्ये फोन चोरीला गेला आणि इंग्रजीत तक्रार लिहायची आहे, असं धरू. पहिली ठेच इथेच लागते. 'आय वॉज स्टोलन' म्हणजे मलाच कोणीतरी चोरून नेलं. चोरी वस्तूची होते, म्हणून 'माय फोन वॉज स्टोलन'. माणूस लुटला जातो, म्हणून 'आय वॉज रॉब्ड'. पण त्यात धाकदपटशाची छटा येते, खिशातून अलगद फोन काढला असेल तर तो शब्द नको. 'आय हॅड माय फोन स्टोलन' हेही बरोबर आहे, जरी ते ऐकून मी मुद्दाम चोरायला लावला की काय असं मराठी कानाला वाटतं.

पुढचा मजकूर असा होऊ शकतो. 'आय बोर्डेड द ट्रेन ॲट ठाणे. माय फोन वॉज इन माय बॅग. व्हेन आय गॉट ऑफ ॲट दादर, आय सॉ दॅट द बॅग हॅड बीन कट अँड द फोन हॅड बीन टेकन. आय इन्फॉर्म्ड द कॉन्स्टेबल ऑन द प्लॅटफॉर्म अँड वॉज आस्क्ड टू गो टू द पोलीस स्टेशन.'

चढलो मी, उतरलो मी, पाहिलं मी, कळवलं मी, ती सगळी क्रियापदं साधी. बॅग कापणारा आणि फोन नेणारा अज्ञात, म्हणून तिथे पॅसिव्ह. ते मी पाहण्याआधी घडलं, म्हणून 'हॅड बीन'. कॉन्स्टेबलला कळवणारा मी आणि स्टेशनला जा असं सांगितलं गेलेलाही मीच, म्हणून शेवटच्या वाक्यात दोन्हींना एकच 'आय' पुरला. आणि 'माय फोन वॉज इन माय बॅग' मधला 'वॉज' पॅसिव्ह नाहीच. तिथे तो निव्वळ 'होता' आहे, 'मी घरी होतो'मधल्यासारखा.